बुर्गल लान्सरच्या नऊ फेऱ्या

बुर्गल लान्सरने शाळेच्या मुलांना एकूण नऊ वेळा डोंगरातल्या फेरीवर नेले. त्यांपैकी आठ वेळा जेवढी मुले नेली तेवढी परत आली. आमच्या फालबाख गावात तिच्याबद्दल बोलताना लोक उरलेल्या एका फेरीपासून सुरुवात करतात आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतात. मी तिच्याबरोबर पाच वेळा होतो, त्या एका फेरीतही होतो. म्हणून क्रमाने सांगतो.

फेरी म्हणजे चार दिवस आणि तीन निवारे. शाळा संपता संपता, जूनच्या शेवटच्या आठवड्यात, शेवटच्या वर्गाची तेरा-चौदा वर्षांची मुले निघतात. पहिल्या दिवशी जंगलातून चढून पहिल्या निवाऱ्यावर मुक्काम. दुसऱ्या दिवशी कुरणे आणि दगडांच्या राशी ओलांडून मधला निवारा. तिसरा दिवस अवघड. त्या दिवशी काळी खिंड पार करायची असते. तिची उंची सव्वीसशे नव्वद मीटर, आणि अलीकडच्या घळीत जुलैपर्यंत जुना बर्फ असतो. खिंडीपलीकडे तिसरा निवारा, आणि चौथ्या दिवशी दुसऱ्या बाजूने उतरून परत गाव. ज्याने फेरी केली नाही त्याला आमच्याकडे कोणी पुरता मोठा झालेला समजत नाही. माझ्या वडिलांनी केली, मी केली, माझ्या मुलींनीही केली असती.

बुर्गलचे घर गावाच्या टोकाला, ओढ्यापलीकडे. तिचे वडील पूर्वी निवाऱ्यांना पीठ, मीठ आणि रॉकेल पाठीवर वाहून नेत. पाच भावंडांत ही तिसरी. शाळा संपल्यावर वडिलांनी तिला शेळ्यांमागे घालायचे ठरवले होते. तेव्हा मुख्याध्यापक एगार्टनर सर स्वतः ओढा ओलांडून त्यांच्या घरी गेले, टोपी काढून चुलीजवळच्या बाकावर बसले आणि दोन तास उठले नाहीत. वडील शेवटी कंटाळून म्हणाले, "न्या तिला, पण तुम्ही आता घरी जा." त्यामुळे बुर्गल डेअरीच्या शाळेत गेली आणि पुढे गावच्या डेअरीत चीज करू लागली. सरांचे नाव घेताना ती हातातले काम थांबवी. मी स्वतः पाहिले आहे.

सत्तावीस वर्षांची असताना गिर्यारोहण मंडळाने तिच्याकडे मुलांची फेरी सोपवली. बाई म्हणून काहींनी नाके मुरडली. पहिल्या दोन वर्षांत ते थांबले. तिचे काम शिस्तीचे होते. निघायच्या आदल्या संध्याकाळी ती मुलांना शाळेच्या व्यायामशाळेत बोलवी आणि प्रत्येकाला आपली सॅक जमिनीवर पालथी करायला लावी. चौऱ्याऐंशी सालच्या त्या संध्याकाळी आफ्रा पिर्खरच्या सॅकमधून केस वाळवायचे यंत्र निघाले.

"हे काय आहे?" बुर्गलने विचारले.

"तुला माहीत नाही? बाया वापरतात."

"वर वीज नाही."

"मग काय आहे वर?"

"डोंगर आहे."

"आई म्हणते ते खरंय," आफ्रा बाकीच्यांकडे वळून म्हणाली. "बुर्गलचं लग्न कशाने राहिलं, तर वर वीज नाही!"

सगळी हसली. बुर्गलही हसली आणि यंत्र बाजूला ठेवले. मग तिने आफ्राची सुती विजार उचलून दाखवली. "ही पण राहील. भिजली की वाळत नाही. लोकरीची आण."

"आणते, बाई, आणते," आफ्रा म्हणाली. तिने आणली नाही. सकाळी निघताना बुर्गलने सगळ्यांच्या सॅक पुन्हा हातात धरून वजन पाहिले, पण अंगातले कपडे पाहायचे राहिले. आफ्रा ढगळ अंगरखा घालून आली होती.

चालताना बुर्गलचा नियम असा की सगळ्यात हळू चालणारे मूल तिच्या पाठीशी. त्याच्यामागे त्याहून जरा वेगाने चालणारे, आणि सगळ्यात चपळ मुले शेवटी. मंडळाचा मदतनीस म्हणून मी शेपटाला. त्यामुळे वेग हळू मुलाच्या पायांनी ठरे आणि कोणी मागे सुटत नसे. त्या वर्षी चौदा मुले होती. बुर्गलमागे जाडजूड कासियान, मधोमध एगार्टनर सर, आणि माझ्या पुढेच आफ्रा. सर तेव्हा साठीला आले होते, पण दरवर्षी वर्गाबरोबर येत. गावच्या बँडचे प्रमुखही तेच होते.

गावापासून तासाभरावर वाटेत एक लाकडी क्रूस आहे. तिथे उंची बरोबर हजार मीटर भरते. आमच्याकडे रिवाज असा की त्या क्रूसाच्या वर अहो-जाहो नाही. डॉक्टर असो, पाद्री असो, जंगलाचा साहेब असो, वर सगळे एकमेकांना तू म्हणतात. दोरीच्या एका टोकाला तुम्ही आणि दुसऱ्या टोकाला तू, असे चालत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मुले या क्रूसाची वर्षभर वाट पाहतात. क्रूस मागे पडताच कोण आधी बोलते यावर पैजा लागतात.

त्या दिवशी आफ्राच पुढे झाली. "ए एगार्टनर, तुझी नाडी सुटलीये!"

सर खाली वाकले. नाडी घट्ट होती. मुले खदखदून हसली.

"आणि तुझी जीभ सुटलीये," सर म्हणाले. "खाली उतरल्यावर बांधतो."

"खाली उतरल्यावर ना! आत्ता गप चाल तू."

मग सर पुढे बघून म्हणाले, "काय गं बुर्गल, तू कधी म्हणणार मला तू? आठ वर्षं झाली."

बुर्गल कानापर्यंत लाल झाली. "राहू द्या ना सर. तुम्ही चला."

"चला म्हणाली! तुम्ही म्हणाली!" मुलांनी एकच गलका केला. कासियानने तिला दंड म्हणून जंगल संपेपर्यंत त्याची सॅक वाहायला लावली. सगळ्यांना ही गंमत वाटली, मलाही.

दोन दिवस छान गेले. गुरुवारी संध्याकाळी आम्ही मधल्या निवाऱ्यावर पोचलो. निवारा सेन्झी चालवी. साठीची, मोठ्या आवाजाची विधवा. तिने पावाच्या गोळ्यांचे सूप वाढले आणि वाढता वाढता भिंतीवरच्या हवादाब यंत्रावर बोटाने टकटक केली. काटा खाली सरकला.

शुक्रवारी, एकोणतीस जूनला, सकाळी सहाला बुर्गल बाहेर जाऊन उभी राहिली. ती दर सकाळी अशी पाच-दहा मिनिटे उभी राही. कोणी बोललेले तिला चालत नसे. खिंड ढगात होती. वारा वायव्येचा होता. पाऊस नव्हता. ती आत आली आणि बूट झटकत म्हणाली, "आज नाही."

याआधी दोन वर्षी ती असेच म्हणाली होती, आणि दोन्ही वेळा लोकांनी तिची टर उडवली होती. तिने मनावर घेतले नव्हते.

सर कॉफी पीत होते. "आज नाही म्हणजे उद्या खिंड, आणि परवा दुपारी गाव," ते म्हणाले. "परवा रविवार आहे, बुर्गल."

तो रविवार येशूच्या पवित्र हृदयाच्या सणाचा होता. त्या दिवशी सकाळी गावात मिरवणूक निघते आणि मूर्ती खांद्यावर घेण्याचा मान शेवटच्या वर्गाचा असतो. बँड सरांचा.

"माहितीये, सर."

"आयांनी कपडे इस्त्री करून ठेवलेत."

सेन्झी सुपाची भांडी घासत होती. ती तिथूनच ओरडली, "अरे एगार्टनर, तुझा बँड तुझ्याशिवाय वाजेल! आणि कदाचित सुरात वाजेल!"

सर हसले. त्यांना राग आला नव्हता. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, हे मला इथे सांगितले पाहिजे. ते बुर्गलकडे वळून शांतपणे म्हणाले, "चार तासांची वाट आहे. आत्ता निघालो तर बाराच्या आत पलीकडे. तुझे वडील असल्या हवेत पाठीवर पीठ घेऊन जायचे. मला वाटतं, जमेल."

बुर्गल उभीच होती. हात पुसायच्या फडक्याची तिने दोनदा घडी घातली आणि उलगडली.

"तुम्हाला वाटतं, सर?"

"मला वाटतं."

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता तर निघू या."

सेन्झीने भांडे आदळले. "ए पोरी! आत्ता नाही म्हणालीस ना? मग? त्याला सांग की, तू गप बस म्हणून!"

बुर्गलने फडके खुंटीला अडकवले. ती मुलांना उठवायला गेली. मी टेबलाशी बसलो होतो. मी सगळे ऐकले आणि उरलेला पाव कागदात बांधला. माझ्या मनात आले ते इतकेच, की चला, म्हणजे शनिवारी घरी.

सातला निघालो. नऊला पाऊस सुरू झाला आणि पावणेदहाला त्याचा बर्फ झाला. तेव्हा आम्ही घळीच्या तोंडाशी होतो. मागे फिरायचे तर ओल्या दगडांवरून अडीच तास, पुढे खिंड तासाभरावर. बुर्गलने मागे पाहिले, वर पाहिले आणि दोरी काढली. घळीतला जुना बर्फ वरून कडक झाला होता. तिने कुऱ्हाडीने पायऱ्या खणल्या, पलीकडच्या खडकाला दोरी बांधली आणि एकेक मूल पार करायला सुरुवात केली. एका मुलाला चार-पाच मिनिटे लागत. तिच्या नियमाप्रमाणे हळू मुले आधी गेली आणि चपळ शेवटी. म्हणजे आफ्रा आणि मी त्या वाऱ्यात तासाभराहून जास्त उभे होतो.

सुरुवातीला ती माझे डोके खात होती. "वेंडल, तुझं नाक बघ, चेरी झालीये. वेंडल, तू असाच उभा राहा, तुझा क्रूस करून टाकतील." मग तिचे दात वाजू लागले. चढताना तिला घाम आला होता, आणि आता तोच घाम अंगावर गार पडला होता. मी माझे हातमोजे तिला दिले. विजार सुती आहे हे मी तेव्हा पाहिले. दुसरी विजार कोणाकडेच नव्हती.

साडेबाराला खिंडीवर पोचलो. वर उभे राहवत नव्हते. बुर्गलने प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून चौदा मोजले आणि लगेच उतरायला लागली. बर्फ आडवा येत होता आणि तिच्याशिवाय वाट कोणालाच दिसत नव्हती. आफ्रा माझ्या पुढे चालत होती. ती आता बोलत नव्हती. मला खोटे लिहायचे नाही. मला बरे वाटले. म्हटले, चला, एकदाची गप्प झाली.

अर्ध्या तासाने ती बसली. टोपी काढली आणि म्हणाली, "गरम होतंय." दात वाजायचे थांबले होते. मी तिला उठवले, ती हसली आणि पुन्हा बसली. मी ओरडलो. बुर्गल रांगेच्या टोकापासून मागे धावत आली. तिने आफ्राचा चेहरा दोन्ही हातांत धरला, डोळ्यांत पाहिले आणि तिला सगळे समजले: थंडीने गोठत आलेल्या माणसालाच शेवटी असे गरम वाटते. आम्ही तिला उचलून चालायचा प्रयत्न केला. शंभर पावलांत मी दोनदा पडलो. मागे वळून पाहिले तर कासियानही खाली बसला होता आणि रडत होता. एगार्टनर सर त्याच्याजवळ उभे होते. त्यांच्या भुवयांवर बर्फ साचला होता.

"तुम्ही पुढे न्याल का मुलांना, सर?" बुर्गलने विचारले.

"मला वाट दिसत नाही," सर म्हणाले. "बुर्गल, मला काहीच दिसत नाही."

निवारा तासाभरावर होता आणि वाट माहीत असलेली एकच व्यक्ती होती. एक मूल इथे, तेरा तिथे. ती किती वेळ विचार करत होती ते मला सांगता येणार नाही, पण फार नाही. तिने आपला जाड कोट काढून आफ्राला गुंडाळला, आम्हा दोघांना एका खडकाच्या आडोशाला बसवले आणि मला म्हणाली, "वेंडल, हिला सोडू नकोस. हिला बोलतं ठेव. मी माणसं घेऊन येते."

"तू कोट—"

"बोलतं ठेव तिला."

ती तेरा मुलांना घेऊन गेली. आफ्राला मी बोलते ठेवले नाही, मीच बोलत राहिलो. मी तिला सांगत होतो की खाली गेल्यावर सर तिची जीभ बांधणार आहेत. दुपारी पावणेतीनला, माझ्या घड्याळाप्रमाणे, मला समजले की मी एकटाच आहे. बचाव पथक चारला आले. त्यांच्यापुढे बुर्गल होती, अंगात कोणाचा तरी पातळ स्वेटर. तिने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. ती आफ्राजवळ खाली बसली आणि तिच्या डोक्यावर टोपी घालू लागली. टोपी गोठून कडक झाली होती, बसत नव्हती. ती घालत राहिली. शेवटी पथकातल्या एकाने तिचा हात धरला.

रविवारी मिरवणूक निघाली नाही.

शरद ऋतूत जिल्ह्याच्या गावी खटला झाला. न्यायाधीशांनी सरळ प्रश्न विचारले.

"त्या सकाळी निघण्याचा निर्णय कोणाचा होता?"

"माझा," बुर्गल म्हणाली.

"कोणी तुमच्यावर दबाव आणला?"

"नाही."

एगार्टनर सरांनी सांगितले की वर नेता एकच असतो आणि त्यांनी केवळ आपले मत दिले. मला विचारले की मी काय ऐकले. मी म्हटले, "ती म्हणाली, निघू या." आम्हा तिघांपैकी कोणीही शपथेवर खोटे बोलले नाही. पण ती फक्त 'निघू या' म्हणाली नव्हती. 'तुम्ही म्हणता तर निघू या' असे म्हणाली होती. तेरा वर्षांच्या पोरीने त्यांना तू म्हटले होते, सेन्झीने म्हटले होते, मीही म्हणत असे. ज्या एकीने त्या टेबलाशी तू म्हणायला हवे होते तिच्याच तोंडून ते आले नाही. हे न्यायाधीशांना कोणत्या प्रश्नाच्या उत्तरात सांगायचे ते मला कळले नाही. खरे तर मी शोधलेही नाही. सर माझेही शिक्षक होते.

बुर्गलला सहा महिन्यांची शिक्षा झाली. तुरुंगात जावे लागले नाही, कारण शिक्षा चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर स्थगित होती. मंडळाने फेऱ्या बंद केल्या. सर दोन वर्षांनी निवृत्त झाले आणि ब्याण्णव साली वारले. बँड वाजला. बुर्गल शवपेटीमागे चौथ्या रांगेत चालत होती. मी तिला त्यानंतर एकदा विचारले, "तू त्यांच्यावर कधी चिडली नाहीस?"

"कशाबद्दल?" ती म्हणाली. "त्यांनी मत दिलं. मत द्यायला काय जातं? नाही म्हणायचं काम माझं होतं."

अकरा वर्षे ती डेअरीत चीज करत राहिली. दुपारी दोन तास विक्रीच्या खिडकीवर बसे. आफ्राची आई रेगी पिर्खर दर मंगळवारी येई. "अर्धा किलो. जुनं." एवढे तीन शब्द. बुर्गल कापून देई. शिवी नाही, रडणे नाही, नमस्कार नाही. गावातले काही लोक मंगळवारी मुद्दाम त्या वेळी रांगेत उभे राहत, काही घडेल म्हणून. काही घडले नाही.

पंचाण्णवच्या वसंतात शाळेत मागनुस नावाचा तरुण शिक्षक आला आणि त्याने फेरी पुन्हा सुरू करायची असे जाहीर केले. त्या वर्षी शेवटच्या वर्गात रेगीचा धाकटा मुलगा रोमेड होता. आफ्रा गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता. पुढच्या मंगळवारी रेगी खिडकीशी आली. मी तिच्यामागे उभा होतो.

"अर्धा किलो?" बुर्गलने विचारले.

"रोमेड जायचं म्हणतोय."

बुर्गलच्या हातात सुरी होती. तिने ती खाली ठेवली.

"नको म्हण," ती म्हणाली.

"म्हटलं. ऐकत नाही. पळून जाईन म्हणतो. तो मास्तर परगावचा आहे, त्याला घळ कुठे आहे तेसुद्धा माहीत नाही." रेगीचा आवाज चढला नव्हता. "तू ने."

"रेगी, मी नाही..."

"तुला आवडेल का, हे विचारायला आले नाही मी. या गावात एकच बाई आहे जी तिथे घाबरेल. मला घाबरणारं माणूस हवंय. तू ने आणि घेऊन ये."

मग ती चीज न घेताच गेली. बुर्गल बराच वेळ खिडकीत तशीच बसली. रांगेतले आम्ही काही न घेता पांगलो. संध्याकाळी ती माझ्या दारात आली. "वेंडल, शेपटाला येशील?" मी हो म्हटले. नाही म्हणायला मला कारण सुचले नाही.

या वेळी बारा मुले होती. तिने आदल्या संध्याकाळी सॅक पाहिल्या आणि सकाळी निघताना प्रत्येकाच्या पायाला हात लावून कापड पाहिले. मुलांना ते अपमानाचे वाटले. रोमेड तिच्याशी बोलत नव्हता. तो देखणा, ताठ मानेचा मुलगा होता आणि पायांनी सगळ्यांत चपळ. बुर्गलने आपला जुना नियम मोडला आणि त्याला आपल्या पाठीशी घेतले.

"मी हळू नाही," तो म्हणाला.

"माहितीये."

"मग?"

"मग काही नाही. चाल."

तिसऱ्या सकाळी ती मधल्या निवाऱ्याबाहेर उभी राहिली. खिंडीवर पातळ ढग होता. वारा जवळजवळ नव्हता. मी तिच्या जागी असतो तर निघालो असतो. ती पाच मिनिटे उभी राहिली, दहा राहिली, अर्धा तास राहिली. आत आली तेव्हा तिचे ओठ पांढरे झाले होते.

"नाही," ती म्हणाली.

"बुर्गल, अगं, हवा सुधारतेय," मागनुस म्हणाला. तो सगळ्यांना सरसकट तू म्हणे, गावातही. "नऊपर्यंत बघू या का?"

"नाही. आज नाही आणि उद्याही नाही. आपण आल्या वाटेनं खाली जायचं."

"पण मग फेरीच होणार नाही!"

"नाही होणार."

साडेनऊला ढग विरले. दहाला खिंड उन्हात होती, इतकी स्वच्छ की घळीतला बर्फ चकाकताना दिसत होता. त्या दिवशी पलीकडून आलेले चार बावेरियन लोक बाह्या दुमडून, शीळ घालत उतरले आणि वाट मस्त आहे म्हणाले. मुले अंगणातल्या बाकांवर बसून बुर्गलकडे पाहत होती. एका मुलीने विचारले की म्हातारीला ऊन लागतं का. दुसरी म्हणाली, हळू बोल, सावली पडली तरी घाबरेल. मागनुसने त्यांना गप्प केले नाही.

मग रोमेड उठून तिच्यासमोर उभा राहिला. "माझी बहीण तिथे मेली," तो म्हणाला, "आणि तू मला तिथे जाऊ पण देत नाहीस. मी तेवढ्यासाठीच आलो होतो. ती जागा बघायला."

बुर्गलला हे माहीत नव्हते. कोणालाच नव्हते. मी खडकाची जागा सांगू शकलो असतो, अगदी कोणत्या बाजूला तेसुद्धा. मी बुटांकडे पाहत राहिलो.

"नंतर जा," बुर्गल म्हणाली. "वीस वर्षांचा झाल्यावर जा. तेव्हा मला विचारायला येऊ नकोस."

"तू घाबरट आहेस."

"हो," ती म्हणाली. "सॅक भर."

 वाटेत बुर्गल तीन-तीनदा डोक्याला हात लावून मोजत होती, सपाट कुरणातसुद्धा. मुले तिचा हात लागताच डोके मागे घेत.

शनिवारी दुपारी आम्ही पोचलो तेव्हा चर्चसमोरच्या चौकात आया उभ्या होत्या. खिंड न ओलांडता आल्याची बातमी आधीच पोचली होती. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक बाप मोठ्याने म्हणाला, "काय रे, बागेत फिरून आलात?" लोक हसले. मुले खाली मान घालून आपापल्या घरच्यांकडे गेली.

बुर्गल चौकाच्या कडेला थांबली होती आणि बारा जण हातात पडेपर्यंत हलली नाही. रेगी समोरून आली. तिने रोमेडला दंडाला धरून वरपासून खालपर्यंत पाहिले. तो हात सोडवून निघून गेला. मग रेगीने रस्त्याकडे पाहिले, आम्ही जिथून आलो त्या वळणाकडे. रस्ता मोकळा होता. ती पाहत राहिली.

बुर्गल तिच्याजवळ जाऊन म्हणाली, "सगळी आली, रेगी. बारा."

"हो," रेगी म्हणाली. "मोजली मी."

पण तिने वळणावरून नजर काढली नाही. बुर्गलही तिच्याशेजारी उभी राहून तिकडेच बघू लागली. मी माझी सॅक उचलली आणि घरी गेलो. चौक रिकामा झाल्यावरही त्या दोघी तिथेच होत्या, असे नंतर बायकोने सांगितले.